माळावरचा धावपटू

सह्याद्रीच्या पूर्वेला, पावसाळी ढग डोंगर ओलांडता ओलांडता रिते होतात तेथे, दख्खनचे विस्तीर्ण पठार सुरू होते. महाराष्ट्राचा दक्षिणपूर्व भाग आणि कर्नाटकाचा उत्तर भाग या पठारावर एकमेकांना मिळतात. भीमा, कृष्णा आणि घटप्रभा या नद्यांच्या काठी काळी जमीन आहे. तिच्यात ज्वारी पिकते. पण नदीपासून थोडे दूर गेले, की उघडे माळ लागतात. वर मोकळे आकाश, खाली खुरटे गवत, मधूनच एखादी बाभूळ किंवा बोरीचे झुडूप. नजर जाईल तेथवर आडोसा नाही. अशा माळावर सशाला लपायला जागा नसते. त्याचा सारा भरवसा आपल्या चार पायांवर असतो. आणि त्याचा पाठलाग करणाऱ्यालाही लपतछपत जवळ जाता येत नाही. तेथे दोनच गोष्टी उपयोगी पडतात : दूरचे टिपणारा डोळा आणि वाऱ्यासारखी धाव. या दोन्ही गोष्टी ज्याच्या अंगी पुरेपूर आहेत, असा एक कुत्रा या माळांवर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे.

या कुत्र्याला नावे अनेक आहेत. खेड्यांतील माणसे त्याला ‘कारवान’ किंवा ‘कारवानी’ म्हणतात. कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. परदेशी तांड्यांबरोबर आलेला तो कारवानी, असा या नावाचा अर्थ लोक सांगतात. ज्या कुत्र्याच्या कानांवर, पायांच्या मागल्या बाजूला आणि शेपटीवर रेशमासारखे लांब केस असतात, त्याला ‘पश्मी’ म्हणतात. शहरांत आणि परदेशांत मात्र हाच कुत्रा ‘मुधोळ हाउंड’ या नावाने अधिक प्रसिद्ध आहे. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थांतही एकवाक्यता नाही. कोणी त्याची नोंद ‘कॅरव्हान हाउंड’ या नावाने करते, तर कोणी ‘मुधोळ हाउंड’ या नावाने. एकाच मुलाला घरात एका नावाने आणि शाळेत दुसऱ्या नावाने हाक मारावी, तसा हा प्रकार आहे. यांतील एक नाव खेड्याने दिले आणि दुसरे राजवाड्याने. ते कसे, हे पुढे येईलच.

शिकारी कुत्र्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग करता येतात. काही कुत्रे वासाने शिकार करतात. त्यांचे नाक जमिनीला टेकलेले असते, कान लांब व लोंबते असतात आणि चाल संथ पण चिवट असते. सावज कितीही पुढे गेले तरी त्याच्या पावलांचा वास घेत ते तासन्‌तास चालत राहतात. दुसऱ्या वर्गातील कुत्रे नजरेने शिकार करतात. सावज डोळ्यांना दिसले, की ते उसळी घेतात आणि थोड्याच वेळात काय तो निकाल लावतात. घनदाट अरण्यात पहिला वर्ग उपयोगी; उघड्या माळावर किंवा वाळवंटात दुसरा. अरबस्तान व इराणकडील सालुकी, अफगाणिस्तानातील लांब केसांचा अफगाण हाउंड आणि इंग्लंडातील ग्रेहाउंड हे सारे या दुसऱ्या वर्गातील होत. कारवान हा त्यांचाच दख्खनी भाऊबंद आहे.

कारवानाला प्रथम पाहणाऱ्याचा बहुधा गैरसमज होतो. त्याचे पोट पाठीला लागलेले असते. बरगड्या कातडीखालून मोजता येतील अशा दिसतात. कमरेपाशी तर तो इतका बारीक असतो, की दोन्ही हातांच्या ओंजळीत कंबर मावेल असे वाटते. ‘याला कोणी पोटभर खायला घालत नाही काय?’ असा प्रश्न सहज मनात येतो. पण ही उपासमारीची खूण नव्हे. ही धावपटूची अंगलट आहे. उंच उडी मारणारा किंवा शर्यतीत धावणारा खेळाडू आपल्या अंगावर फाजील चरबी साठू देत नाही. कारवानाच्या बाबतीत ही काळजी निसर्गाने आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसांनी मिळून घेतली आहे. त्याच्या शरीराचा कोणताही भाग घ्यावा. तो तसाच का आहे, या प्रश्नाचे उत्तर ‘धावण्यासाठी’ हेच मिळते.

डोक्यापासून प्रारंभ करू या. कारवानाचे डोके लांब व निमुळते असते. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत ते एखाद्या पाचरीसारखे अरुंद होत जाते. जबडे लांब आणि बळकट असतात. कान मध्यम आकाराचे, पातळ व खाली पडलेले असून डोक्याला चिकटून असतात. डोळे मोठे, बदामाच्या आकाराचे व काहीसे बाजूला वळलेले असतात. या बाजूला वळलेल्या डोळ्यांमुळे मान न वळवताही त्याला फार रुंद प्रदेश दिसतो. माणसाला एका वेळी सुमारे १८० अंशांच्या कोनातील दृश्य दिसते. लांब तोंडाच्या कुत्र्यांना ते सुमारे २७० अंशांपर्यंत दिसू शकते. म्हणजे अगदी पाठीमागचा भाग सोडला, तर भोवतालचा बहुतेक सारा माळ त्याच्या नजरेखाली असतो.

त्याच्या डोळ्यांत आणखी एक सोय आहे. डोळ्याच्या आतील पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. आखूड तोंडाच्या कुत्र्यांत दृष्टीच्या मज्जापेशी पडद्याच्या मध्यभागी एका ठिपक्यात दाटलेल्या असतात. लांब तोंडाच्या कुत्र्यांत मात्र त्या आडव्या पट्ट्यासारख्या पसरलेल्या असतात. आकाश आणि जमीन जेथे टेकलेली दिसतात, त्या क्षितिजाच्या रेषेवर काय हलते आहे हे पाहण्यासाठी असा आडवा पट्टा फार उपयोगी पडतो. कुत्र्यांना आपल्याइतके रंग दिसत नाहीत. निळा व पिवळा त्यांना वेगळे ओळखता येतात, पण तांबडा आणि हिरवा यांतील भेद नीट कळत नाही. हालचाल मात्र ते फार चटकन टिपतात. गवतात निश्चल बसलेला ससा कारवानाच्या नजरेतून सुटू शकेल. पण त्याने कान हलवला, की तो सापडला.

आता छाती पाहा. ती रुंद नसते, खोल असते. जवळजवळ कोपरापर्यंत खाली उतरलेली असते. वेगाने धावताना स्नायूंना प्राणवायू भराभर लागतो. तो पुरवण्यासाठी मोठी फुप्फुसे आणि बळकट हृदय लागते. या खोल छातीत त्यांना ऐसपैस जागा मिळते. छातीच्या मागे पोट एकदम वर उचललेले असते. तेही निरर्थक नाही. धावताना मागचे पाय पुढे येऊन पोटाखाली जातात. तेथे पोट लोंबत असते, तर पायांना अडथळा झाला असता.

पाठीचा कणा लांब व लवचिक असतो. धनुष्य वाकवावे आणि सोडावे, तसा तो प्रत्येक झेपेला वाकतो आणि ताणला जातो. कारवानाची धाव डोळ्यांना एकसंध दिसते. पण चलच्चित्राचा वेग मंद करून पाहिले, तर तिचे रहस्य उलगडते. भरधाव घोडा प्रत्येक ढांगेत एकदा पूर्णपणे अधांतरी असतो. त्याचे चारही पाय त्या क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात. कारवान, ग्रेहाउंड यांसारखे कुत्रे मात्र प्रत्येक ढांगेत दोनदा अधांतरी होतात. एकदा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, आणि पुन्हा एकदा पुढचे पाय पुढे व मागचे पाय मागे पूर्णपणे ताणले गेलेले असताना. चित्ताही असाच धावतो. म्हणजे पूर्ण वेगात असताना हा कुत्रा धावतो त्याहून अधिक उडतो, असे म्हटले तरी चालेल.

केवळ सरळ रेषेत धावून भागत नाही. ससा चतुर असतो. मागे पावले वाजू लागली, की तो अचानक काटकोनात वळतो आणि पाठलाग करणारा आपल्याच वेगाने पुढे निघून जातो. येथे कारवानाची शेपटी उपयोगी पडते. ती लांब, मुळाशी जाड व टोकाकडे निमुळती असून किंचित बाक घेतलेली असते. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण या शेपटीचा बाक टिंगलीचा विषय नव्हे. एकाएकी वळताना तोल जाऊ नये म्हणून कुत्रा ती वळणाच्या विरुद्ध बाजूला झोकतो. नावेला जसे सुकाणू, तशी त्याला शेपटी.

कारवानाची उंची खांद्यापाशी साधारणतः ६५ ते ७२ सेंटिमीटर असते. मादी नरापेक्षा थोडी लहान असते. वजन मात्र उंचीच्या मानाने कमीच. केस आखूड, मऊ व अंगाला चिकटलेले असतात. रंग फिकट पिवळसर, तांबूस, राखी किंवा काळा असतो. काहींच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. आखूड केसांचा हा पोशाख दख्खनच्या उन्हाळ्याला साजेसा आहे. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. पावलांच्या गाद्यांपुरता काय तो येतो. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य मार्ग. म्हणून हिमालयातील दाट केसांचा कुत्रा सोलापूरच्या वैशाखात व्याकूळ होतो, तेथे कारवान सावलीत निवांत पडून राहू शकतो. तथापि भर वेगाने धावल्यावर त्याचेही अंग तापते. त्याला विश्रांती आणि पाणी द्यावेच लागते. थंडीत तर त्याच्या अंगावर पांघरूण टाकावे लागते. कारण चरबीची ऊब त्याच्यापाशी नसते. कातडीही पातळ असते. बोरीच्या काट्याने ती चटकन फाटते.

शरीराप्रमाणेच कारवानाचा स्वभावही वेगळा आहे. तो सर्वांशी सलगी करणारा कुत्रा नव्हे. पाहुणा आला, की शेपटी हालवत त्याच्या अंगावर उड्या मारणे त्याला ठाऊक नाही. अनोळखी माणसाने डोक्यावर हात ठेवलेला त्याला खपत नाही. तो मुकाट्याने बाजूला सरकतो. उगाच भुंकत राहण्याचीही त्याला सवय नसते. पण ज्याच्या हातची भाकरी तो खातो, त्याच्याशी त्याचे इमान पक्के असते. त्याच्या घरच्या मुलांशी तो सौम्यपणे वागतो आणि रात्री दाराशी पडून राखण करतो.

असा कुत्रा शिकवणे सोपे नसते. गुरे राखणारा कुत्रा धन्याच्या प्रत्येक इशाऱ्याकडे पाहत काम करतो. नजरेने शिकार करणाऱ्या कुत्र्याला तशी सवड नसते. ससा उठला, की धन्याकडे वळून ‘आता काय करू?’ असे विचारायला वेळ कोठला? त्या काही क्षणांत निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागतो. शेकडो पिढ्या असे निर्णय घेत आलेल्या प्राण्याच्या अंगी स्वतंत्र वृत्ती बाणली, तर नवल नाही. त्याला दरडावले किंवा मारले, तर तो शिकत नाही. उलट बुजतो आणि मनात अढी धरतो. पिल्लूपणापासून माणसांत वावरू दिले आणि धीराने, गोडीने शिकवले, तर मात्र तो मन लावून काम करतो. त्याच्या या वृत्तीला कोणी हट्टीपणा म्हणतात. पण जो गुण माळावर कामाचा ठरतो, तोच अंगणात दोष वाटावा, यात कुत्र्याचा काय अपराध?

हा कुत्रा दख्खनमध्ये केव्हा आला, याचा लेखी पुरावा नाही. त्याची अंगलट मध्य व पश्चिम आशियातील कुत्र्यांशी जुळते. म्हणून व्यापाऱ्यांच्या व सैन्याच्या तांड्यांबरोबर तिकडून आलेल्या कुत्र्यांपासून आणि येथील गावठी कुत्र्यांपासून ही जात घडली असावी, असे मानले जाते. ‘कारवान’ आणि ‘पश्मी’ ही दोन्ही नावे फारसीशी नाते सांगतात, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. पण बाहेरून आलेला कुत्रा येथे आला तसाच राहिला नाही. येथील ऊन, येथील खडकाळ जमीन आणि येथील ज्वारीची भाकरी यांनी त्याला घडवले. जे पिल्लू उन्हाला टिकले, भाकरी-ताकावर वाढले आणि सशाला गाठू शकले, त्याचीच पिल्ले माणसांनी पुढे राखली. हे काम करणाऱ्यांपाशी ना पुस्तके होती, ना वंशावळीचे कागद. ‘अमक्याच्या कुत्रीची पिल्ले चांगली निघतात’ एवढे गावोगाव तोंडी ठाऊक असे. तेवढ्या ज्ञानावर त्यांनी ही जात शतकानुशतके शुद्ध राखली.

या लोकांत बेरड समाजाचे नाव विशेष घेतले जाते. शिकारीत आणि लढाईत हे लोक वाकबगार होते. मुधोळ संस्थानातील हलगली गावच्या बेरडांनी तर १८५७ साली, शस्त्रे काढून घेणाऱ्या इंग्रजांच्या हुकमाविरुद्ध उठाव केला होता आणि त्यांतील अनेकांना फासावर जावे लागले होते. अशा स्वाभिमानी माणसांच्या झोपड्यांतून हा स्वाभिमानी कुत्रा वाढत होता. शेतकरी आणि इतर भटके लोकही तो पाळीत. गरिबाच्या घरी त्याचा मान मोठा असे. कारण संध्याकाळच्या कोरड्या भाकरीबरोबर काही शिजणार की नाही, हे पुष्कळदा त्याच्या पायांवर अवलंबून असे.

खेड्यातल्या या कुत्र्याला जगाच्या दरबारात नेले ते मुधोळच्या राजाने. मुधोळ हे घटप्रभा नदीच्या काठचे गाव. दहाव्या शतकातील प्रसिद्ध कानडी कवी रन्न याची ती जन्मभूमी. पुढे तेथे घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान झाले. या घराण्याच्या एका पूर्वजाने घोरपडीच्या साहाय्याने किल्ला सर केला आणि म्हणून हे आडनाव पडले, अशी आख्यायिका सांगतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे राजे मालोजीराव घोरपडे राज्य करीत होते. आपल्या मुलखातील बेरडांपाशी असलेले हे चपळ कुत्रे त्यांच्या दृष्टीस पडले. राजेसाहेबांनी त्यांतील निवडक कुत्रे जमवून त्यांची जोपासना सुरू केली. विलायतेस गेले असताना त्यांनी या कुत्र्यांची एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांना नजर केली. बादशहाने त्यांना ‘हाउंड्स ऑफ मुधोळ’, म्हणजे मुधोळचे शिकारी कुत्रे, असे म्हटले आणि तेव्हापासून ते नाव रूढ झाले, असे सांगतात.

मालोजीरावांनी केलेले काम मोलाचे होते, यात शंका नाही. गावकुसाबाहेरच्या प्राण्याची योग्यता ओळखायला राजाजवळही गुणग्राहक दृष्टी लागते. परंतु राजवाड्याने कुत्र्याला नाव दिले, कुत्रा दिला नाही, हेही विसरता कामा नये. तो आधीच झोपडीत तयार झालेला होता. मुधोळची कीर्ती पसरली तेव्हाही महाराष्ट्रातील सोलापूर, लातूर, सांगली, बीड या बाजूच्या खेड्यांतून लोक आपल्या कारवानाला कारवानच म्हणत राहिले. लातूर जिल्ह्यातील जानवळ हे गाव तर या कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आजही प्रसिद्ध आहे.

स्वातंत्र्यानंतर काळ झपाट्याने बदलला. १९४८ साली मुधोळ संस्थान तेव्हाच्या मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाल्यावर तो मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. मुधोळ आज बागलकोट जिल्ह्यात आहे. संस्थान गेले, तसा राजाश्रयही गेला. माळांवर नांगर फिरले, विहिरी आणि कालवे आले, उसाचे मळे उभे राहिले. रानातील प्राणी कमी होऊ लागले आणि त्यांच्या रक्षणासाठी १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. ससा, काळवीट, चिंकारा यांची शिकार करणे हा आता अपराध आहे. हा कायदा आवश्यकच होता. तो नसता, तर माळांवरील कळप कथेपुरतेच उरले असते. पण त्यामुळे कारवानाचे परंपरेने आलेले काम संपले. ज्या कामासाठी त्याचे डोळे, छाती, कणा आणि शेपटी घडली होती, ते कामच उरले नाही.

एखाद्या प्राण्याचे काम गेले, की माणसाला त्याची गरज वाटेनाशी होते. शहरांतून परदेशी जातींचे कुत्रे पाळण्याची आवड वाढली आणि देशी कुत्र्याकडे पाहण्याची दृष्टी उणावली. काही ठिकाणी अधिक वेगाच्या लोभाने कारवानाचा ग्रेहाउंडशी संकर करण्यात आला. अशा संकरातून वेग कदाचित वाढतो. पण ऊन सोसण्याची आणि साध्या अन्नावर निभावण्याची जी ताकद शतकांनी कमावली, ती पातळ होते. उलट, थोड्याच कुत्र्यांतून पुन्हा पुन्हा जवळच्या नात्यातील पिल्ले घेतली, तर तीही अशक्त निपजू लागतात. ज्या जातीला राजाने मिरवले, ती अशा दुहेरी संकटात सापडली.

सुदैवाने तिची पूर्ण उपेक्षा झाली नाही. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली. हिमालयातील मेंढपाळ कुत्रा, रामपूर हाउंड, राजपालयम आणि मुधोळ हाउंड असे ते चार मानकरी होते. मुधोळजवळच्या तिम्मापूर येथे या जातीच्या अभ्यासासाठी आणि पैदाशीसाठी संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे कुत्र्यांच्या नोंदी ठेवल्या जातात आणि गावकऱ्यांना पिल्लांची जोपासना कशी करावी हे सांगितले जाते. अनेक शेतकरी कुटुंबांना या कुत्र्यांच्या पैदाशीतून जोडधंदाही मिळाला आहे. देशातील पाळीव प्राण्यांच्या जातींची शास्त्रीय नोंद करणारी संस्था हरियाणातील कर्नाल येथे आहे. गायी, म्हशी, शेळ्या यांच्या नोंदी करणाऱ्या या संस्थेने मुधोळ हाउंडलाही देशी जात म्हणून आपल्या यादीत स्थान दिले आहे.

२०१६ साली भारतीय सैन्याने मुधोळची काही पिल्ले मेरठ येथील आपल्या श्वान प्रशिक्षण केंद्रात नेली. तोवर सैन्यात लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा परदेशी जातींचाच भरणा होता. उन्हाला न डगमगणारा, हलका, चपळ आणि दूरचे पाहणारा हा कुत्रा राखणीच्या कामी किती उपयोगी पडेल, याची ती परीक्षा होती. पुढे सीमा सुरक्षा दलानेही या जातीच्या कुत्र्यांना शिकवण्यास प्रारंभ केला. झोपडीच्या दाराशी बसून राखण करणारा कारवान अशा रीतीने देशाच्या दाराशी राखण करू लागला. त्याचे जुने काम गेले. पण त्याच गुणांना शोभेल असे नवे काम त्याला मिळाले.

तथापि एखादी जात प्रसिद्ध झाली, म्हणजे ती सुरक्षित झाली असे नव्हे. प्रसिद्धीचेही धोके असतात. तिकिटावरचे चित्र पाहून किंवा कोणाचे ऐकून हौसेने कारवान विकत घ्यावा, त्याला चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कोंडावे आणि मग तो अस्वस्थ झाला म्हणून रस्त्यावर सोडून द्यावा, असे प्रकार घडू शकतात. या कुत्र्याला रोज मोकळ्यावर धावायला हवे. रहदारीच्या रस्त्यावर त्याला साखळीवाचून सोडणे धोक्याचे. कारण दूर पळणारे मांजर दिसले, की त्याचे कान हाका ऐकेनासे होतात. त्याला बैठ्या कुत्र्यासारखे चारून लठ्ठ करणे म्हणजे हरणाला खोगीर घालण्यासारखे आहे. ज्याच्यापाशी मोकळी जागा, वेळ आणि धीर आहे, त्यानेच कारवान पाळावा. ज्याच्यापाशी यांतले काही नाही, त्याने गल्लीतल्या गावठी पिल्लाला जीव लावावा. तेही इमानात उणे पडणार नाही.

माणूस आणि कुत्रा यांची सोबत फार जुनी आहे. शेती सुरू होण्याच्याही आधीपासून, निदान १५,००० वर्षे, हा प्राणी माणसाच्या शेकोटीजवळ बसत आला आहे. इतक्या दीर्घ सहवासात माणसाने आपल्या गरजेप्रमाणे त्याचे रूप बदलले. कोठे त्याला मेंढ्या राखणारा केले, कोठे बर्फावरून गाडी ओढणारा, तर कोठे माळावर धावणारा. कारवानाची खोल छाती आणि बारीक कंबर ही एका परीने माणसाचीच कृती आहे. दख्खनच्या अनाम माणसांनी हाडामांसात कोरलेले ते एक शिल्प आहे. दगडी शिल्प कोणी पाहिले नाही तरी डोंगरात टिकून राहते. हे जिवंत शिल्प मात्र प्रत्येक पिढीला नव्याने सांभाळावे लागते. एकदा ते हरवले, तर पुन्हा घडवता येत नाही. ज्या प्राण्याला माणसाने आपल्या कामासाठी घडवले, त्याचे काम संपल्यावर त्याला वाऱ्यावर सोडणे ही कृतघ्नता ठरेल. माळावरच्या या धावपटूने आपला शब्द पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे. आता पाळी माणसाची आहे.